आंतरराष्ट्रीय कामगार चळवळीचा आरंभकाल आणि वऱ्हाडचा कापूस : एका इतिहासलेखनपद्धतीची चिकित्सा

समाजवादी विचार आणि कामगार संघटना यांच्या आंतरराष्ट्रीय चळवळीचा आरंभकाल म्हणजे सामान्यतः १८६४ ते १९१४ हा अर्धशतकाचा कालखंड मानला जातो. लंडनच्या सेंट मार्टिन्स हॉलमध्ये २८ सप्टेंबर १८६४ रोजी भरलेली सभा व तीतून जन्मास आलेला आंतरराष्ट्रीय कामगार संघ, १८७१ चे पॅरिस कम्यून, १८७२ ची हेगची परिषद व तीत झालेली मार्क्स-बाकुनिन यांची फारकत, १८८९ साली पॅरिस येथे दुसऱ्या इंटरनॅशनलची झालेली स्थापना आणि १९१४ च्या महायुद्धाने तिची उडविलेली शकले, हे त्या इतिहासाचे सर्वपरिचित टप्पे होत. भारताचा उल्लेख या कथेत मुख्यतः दोनदा येतो. १९०४ साली ॲमस्टरडॅमच्या परिषदेस दादाभाई नौरोजी उपस्थित होते आणि १९०७ साली स्टुटगार्टच्या परिषदेत मादाम कामा यांनी भारताचा ध्वज फडकाविला. मराठी अभ्यासक त्यात आणखी एका उल्लेखाची भर घालतो : लोकमान्य टिळकांना शिक्षा झाल्यावर १९०८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेला संप आणि त्यावर लेनिनने प्रकट केलेला अभिप्राय. एवढे झाले की कथा पुन्हा युरोपात परतते.

या मांडणीत असत्य असे काही नाही. तथापि तीत एक गृहीत दडलेले आहे व ते तपासून पाहणे आवश्यक आहे. विचार युरोपात निर्माण झाला, तो जहाजाने मुंबईस व कलकत्त्यास पोहोचला, तेथून आगगाडीने अंतर्भागात गेला, आणि ज्या गावी तो पोहोचला त्या गावाचा आंतरराष्ट्रीय इतिहासात त्या दिवशी प्रवेश झाला, असे ते गृहीत होय. जी. डी. एच. कोल यांचा समाजवादी विचाराचा पाच खंडांतील इतिहास (१९५३ ते १९६०) किंवा युलिउस ब्राउनथाल यांचा इंटरनॅशनलचा तीन खंडांतील इतिहास हे आपापल्या परीने अजोड ग्रंथ आहेत. परंतु त्यांचा सांगाडा विचारवंत, पक्ष, परिषदा आणि ठराव यांचा आहे. ज्या प्रदेशात पक्ष नव्हता, जेथून प्रतिनिधी गेला नाही, त्या प्रदेशाची नोंद अशा सांगाड्यात होणे शक्यच नसते. अमरावती व अकोला हे जिल्हे अशा प्रदेशांपैकी होत. आणि तरीही, ज्या वर्षी लंडनमध्ये तो संघ स्थापन झाला त्या वर्षी लँकेशायरच्या ज्या कामगारांच्या हालअपेष्टांची चर्चा तेथे चालू होती, त्यांच्या हातून जाणाऱ्या कापसाच्या एका प्रतीला लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणत. ते नाव अमरावतीचे होते.

लँकेशायरचा कापूस-दुष्काळ (१८६१ ते १८६५) हा आंतरराष्ट्रीय संघाच्या जन्मकथेतील एक आवश्यक दुवा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवून धरली, कापसाचा पुरवठा तुटला, आणि १८६२ च्या अखेरीस लँकेशायर व लगतच्या भागांत सुमारे पाच लक्ष माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. अशा स्थितीतही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टर येथे भरलेल्या सभेने गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेस पाठिंबा दिला व लिंकनने त्या कामगारांस जानेवारी १८६३ मध्ये कृतज्ञतापूर्वक उत्तर धाडले. आंतरराष्ट्रीय संघाच्या उद्घाटनपर आवाहनात मार्क्सने या प्रसंगाचा गौरवाने निर्देश केला आहे. गुलामगिरीच्या रक्षणासाठी होऊ घातलेल्या युद्धापासून पश्चिम युरोपास जर कोणी वाचविले असेल तर ते राज्यकर्त्यांच्या शहाणपणाने नव्हे, तर इंग्रज कामगारांच्या विरोधाने, असा त्याचा आशय आहे. उत्तरकालीन संशोधनाने या चित्रास काहीसा छेद दिला. मेरी एलिसन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लँकेशायरमध्ये दक्षिणेविषयी सहानुभूतीही लक्षणीय होती असे दाखविण्याचा प्रयत्न केला. तो वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. दोन्ही पक्ष एका बाबतीत एकमत आहेत, आणि तीच बाब येथे महत्त्वाची आहे : दोघांच्याही नकाशावर दोनच किनारे आहेत, अमेरिकेचा आणि इंग्लंडचा.

तिसरा किनारा कोठे होता हे आकडे सांगतात. ब्रिटनच्या कापूस-आयातीत १८६० साली भारताचा वाटा सुमारे एकषष्ठांश होता. १८६२ साली, आयात एकंदरीत पुष्कळच घटलेली असता, तो सुमारे तीन चतुर्थांशावर गेला. लँकेशायरच्या गिरण्यांत जे काही काम शिल्लक राहिले ते मुख्यतः या कापसावर. तो आखूड धाग्याचा, घाणेरडा व माती-पाल्याने भरलेला असल्याची तक्रार इंग्रज कामगार एकसारखी करीत. धागा वारंवार तुटे, धूळ छातीत जाई, आणि काम नगावर असल्यामुळे मजुरीही घटे. कारखाने-निरीक्षकांच्या अहवालांत नोंदलेल्या या तक्रारी मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या व तिसऱ्या खंडांत उपयोगात आणल्या आहेत. तेथे या कापसाला सरसकट ‘सुरती’ असे नाव आहे, कारण पश्चिम भारतातून जाणाऱ्या सगळ्या मालास विलायतेत ते जुने नाव चिकटलेले होते. वऱ्हाड, खानदेश, गुजरात व धारवाड यांचा कापूस त्या एका नावाखाली जाई. कामगार चळवळीच्या सर्वांत प्रभावी ग्रंथात वऱ्हाडचा प्रवेश झाला तो अशा रीतीने, दुसऱ्या एका शहराच्या नावाने आणि इंग्रज कामगाराच्या तक्रारीचा विषय म्हणून.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. अमेरिकन युद्धाने वऱ्हाड समृद्ध झाला व आगगाडीने ती समृद्धी घरोघर पोहोचविली, अशी समजूत अनेक स्थानिक लेखनांत आढळते. कालक्रम तिला अनुकूल नाही. नागपूरपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला तो १८६७ साली. युद्ध संपले होते १८६५ च्या एप्रिलमध्ये. लॉर्ड मेयो याच्या हस्ते खामगावची शाखा उघडली गेली ती १८७० साली, आणि विलायत व मुंबई यांच्यामध्ये समुद्राखालून तार आली तीही त्याच वर्षी. म्हणजे तेजीच्या वर्षांत वऱ्हाडचा कापूस पुष्कळ अंशी बैलांच्या पाठीवर व गाड्यांतून बाहेर पडला, आणि आगगाडी व तार यांच्याद्वारा वऱ्हाड लिव्हरपूलशी पक्का जोडला गेला तो भाव कोसळल्यानंतर. या प्रदेशाच्या पुढील इतिहासात हा क्रम निर्णायक ठरला. तेजीने पेरा वाढविला. मंदीच्या काळात आलेल्या साधनांनी तो वाढलेला पेरा दूरच्या बाजाराच्या हवाली केला. तारेने रोजचा भाव खामगावच्या अडत्यास कळू लागला. शेतकऱ्यास तो कळे अडत्याकडून.

मध्यप्रांत व वऱ्हाडचा कापूस-आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक याने या काळी जे अहवाल लिहिले ते वाचताना त्यांतील मोकळेपणाचे आश्चर्य वाटते. लोहमार्गाने स्वस्त विलायती कापड आत येईल, देशी विणकाम मागे पडेल, आणि त्यातून मोकळे झालेले हात कापसाच्या शेतीस मिळतील, ही अपेक्षा त्याने लपवून ठेवलेली नाही. लँकेशायरच्या विणकराचे काम टिकावे म्हणून वऱ्हाडच्या कोष्ट्याचे काम जावे असा या योजनेचा सरळ अर्थ होता. आंतरराष्ट्रीय कामगार बंधुत्वाची घोषणा आणि ही योजना यांच्यामध्ये फार तर चार-पाच वर्षांचे अंतर आहे. दोहोंचा एकत्र विचार केलेला इतिहास मात्र क्वचितच आढळतो.

मार्क्सच्या ग्रंथात भारतीय कापसाचा आणखी एक उल्लेख आहे व तो वऱ्हाडच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात यंत्रांविषयीच्या प्रकरणात त्याने सरकी काढण्याच्या देशी चरक्याचे उदाहरण घेतले आहे. एक पुरुष व एक स्त्री मिळून त्यावर दिवसाला २८ पौंड रुई काढतात. धारवाडच्या सरकारी कारखान्याशी संबंधित डॉ. फोर्ब्ज याने केलेल्या सुधारित चरक्यावर एक पुरुष व एक मुलगा २५० पौंड काढतात. आणि बैलांनी चालविलेली अशी सोळा यंत्रे पूर्वीच्या साडेसातशे माणसांचे काम एका दिवसात उरकतात. ही माहिती १८६० साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेपुढे वाचल्या गेलेल्या एका निबंधातून त्याने घेतली होती. मार्क्सला तीतून यंत्र आणि श्रम यांच्या मूल्याचा हिशेब मांडावयाचा होता व तो त्याने मांडला. परंतु साडेसातशे माणसांपैकी जी उरली ती कोठे गेली, हा प्रश्न त्या प्रकरणात भारतापुरता तसाच राहिला आहे. भारतीय भाष्यकारांनी तो पुढे नेण्यास काही हरकत नव्हती. हातमागाच्या विणकरांच्या विनाशाविषयी मात्र पुष्कळ लिहिले गेले. गव्हर्नर-जनरलच्या तोंडी घातलेले विणकरांच्या हाडांविषयीचे प्रसिद्ध वाक्य, ज्याच्या अस्सलपणाविषयी पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या, ते शेकडो वेळा उद्धृत झाले. घरात बसून चरक्यावर सरकी काढणाऱ्या स्त्रीविषयी असे एकही वाक्य प्रसिद्ध नाही.

तिचे पुढे काय झाले याचे उत्तर काही अंशी कारखान्यांच्या कायद्यांत सापडते. वाफेवर चालणारे जिन आणि रुई दाबून गाठी बांधणारे प्रेस खामगाव, अकोला, अमरावती व भोवतालच्या बाजारगावांत उभे राहिले. त्यांत काम हंगामी, म्हणजे वेचणीपासून उन्हाळ्यापर्यंतचे. जिनाच्या यंत्राशी कपाशी घालणाऱ्या बहुतेक स्त्रिया. उरलेले वर्षभर त्याच निंदणी-खुरपणीस व वेचणीस जात. १८८१ चा पहिला भारतीय कारखाना कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या व वर्षातून निदान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. बहुसंख्य जिन या दोन अटींपैकी एकीच्या ना एकीच्या बाहेर पडत. १८९१ च्या कायद्याने कामगारांची मर्यादा पन्नासावर आणली व स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा केला. १९११ च्या कायद्याने चार महिन्यांची अट काढून हंगामी कारखाने आत घेतले. पण त्याच कायद्याने स्त्रियांना रात्रीच्या कामाची जी बंदी घातली तीतून जिन व प्रेस वगळले. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांचा ठरविला आणि हंगामी कारखान्यांचा ६० तासांचा. प्रत्येक वेळी दार थोडे उघडले गेले आणि प्रत्येक वेळी जिनातील बाईस उंबरठ्यावर थांबविले गेले.

ही मालिका केवळ वसाहती सरकारच्या निष्काळजीपणाने घडलेली नाही. तीत आंतरराष्ट्रीय घटनांचा प्रत्यक्ष हात आहे, आणि परिषदांच्या सांगाड्यात न बसणारा हा भाग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. १८८९ च्या पॅरिस परिषदेने १ मे १८९० हा दिवस आठ तासांच्या मागणीसाठी ठरविला. युरोपातील सरकारे अस्वस्थ झाली आणि मार्च १८९० मध्ये जर्मन सम्राटाच्या निमंत्रणावरून बर्लिन येथे श्रमिकविषयक सरकारी परिषद भरली. तीत ब्रिटनने मान्य केलेल्या तत्त्वांचा दाब भारतमंत्र्यामार्फत भारत सरकारवर आला. लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईच्या गिरण्यांशी स्पर्धा नको होती, हे कारण तर होतेच. इकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले होते : आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार आणि अपघाताची भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी बोलावलेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले व त्यांत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

या दोन घटना, मुंबईची २४ एप्रिलची सभा व युरोपातील पहिला मे दिन, एकाच आठवड्यातील आहेत. त्यामुळे एकीचा धागा दुसरीस बांधण्याचा मोह अभ्यासकांना होतो. तो आवरला पाहिजे. लोखंडे यांची प्रेरणा सत्यशोधक समाजाची होती, त्यांची मागणी त्यांच्या १८८४ च्या निवेदनातून सरळ आलेली आहे, आणि पॅरिसच्या ठरावाशी तिचा संबंध दाखविणारा पुरावा पुढे करण्यात आलेला नाही. संबंध होता तो निराळ्या बाजूने : बर्लिनच्या परिषदेमुळे १८९० चा कारखाना आयोग नेमणे सरकारला सोयीचे झाले आणि त्या आयोगाच्या मुंबईतील कामात लोखंडे यांना स्थान मिळाले. विचाराचा प्रभाव आणि परिस्थितीचा परिणाम या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. आंतरराष्ट्रीय चळवळीच्या भारतीय इतिहासात त्यांची सर्रास गल्लत होते, आणि तिच्यामुळे लोखंडे कधी युरोपीय समाजवादाचे अनभिज्ञ अनुयायी ठरतात तर कधी त्यांच्या सत्यशोधकपणामुळे कामगार चळवळीच्या पूर्वपीठिकेत ढकलले जातात. मनोहर कदम यांच्या चरित्राने या अन्यायाचे पुष्कळ परिमार्जन केले आहे, हे येथे नमूद करावयास हवे.

तथापि लोखंडे यांच्या मुंबईतूनही वऱ्हाडचा शेतमजूर दिसत नव्हता. याचे एक बोलके गमक मराठी वाङ्मयेतिहासात आहे. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या ग्रंथाचे पहिले भाग लोखंडे चालवीत असलेल्या ‘दीनबंधु’त छापले गेले आणि पुढचे छापले गेले नाहीत, फुल्यांनी त्याबद्दल तिखट शब्दांत नापसंती नोंदविली. कामगारांचा पहिला नेता आणि शेतकऱ्यांचा पहिला भाष्यकार हे एकाच समाजाचे सभासद, एकमेकांचे स्नेही, आणि तरीही त्यांच्यामध्ये एक छापखाना आडवा आला. या प्रसंगातून फार मोठे निष्कर्ष काढणे योग्य नाही. पण कामगार आणि शेतकरी हे दोन शब्द मराठी सार्वजनिक जीवनात किती लवकर वेगळे पडले याची तारीख हवी असेल तर ती येथे सापडते. जिनातील बाई या दोन्ही शब्दांच्या मधल्या जागेत उभी होती : चार-सहा महिने कारखान्यात, उरलेले महिने दुसऱ्याच्या शेतात. तिला वऱ्हाडात ‘मजूर’ म्हणत, आणि ‘आंतरराष्ट्रीय कामगार संघ’ या भाषांतरातही तिचा समावेश होत नाही. मूळ इंग्रजी नाव तर ‘काम करणाऱ्या पुरुषांचा’ संघ असे आहे.

भारताकडून पहिल्या इंटरनॅशनलशी झालेला संपर्क म्हणून १८७१ च्या एका पत्राचा उल्लेख नेहमी केला जातो. १५ ऑगस्ट १८७१ च्या सर्वसाधारण मंडळाच्या इतिवृत्तात कलकत्त्याहून आलेल्या पत्राची नोंद आहे. पत्रलेखकाने तेथे शाखा उघडण्याचा अधिकार मागितला होता. मंडळाने शाखा स्वतःच्या खर्चाने चालावी असे कळविण्यास सांगितले आणि तीत देशी लोकांस सभासद करून घेण्याची आवश्यकता आग्रहाने मांडली. पी. सी. जोशी व के. दामोदरन यांनी भारतातील मार्क्सच्या परिचयाविषयी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे अशा नोंदींकडे लक्ष वेधले गेले. आता, देशी लोकांना घ्या असे सांगावे लागले यावरून पत्रलेखक स्वतः देशी नसावा हे अनुमान सहज निघते. म्हणजे ज्या नोंदीचा भारतीय समाजवादाचा पहिला अंकुर म्हणून अभिमानाने निर्देश होतो, ती बहुधा वसाहतीतील एका युरोपीयाची चौकशी आहे. तिच्यात मोलाचे जे आहे ते मंडळाच्या उत्तरात आहे. लंडनमधील कामगार-प्रतिनिधींना कलकत्त्यातील देशी कामगार वगळलेली शाखा निरर्थक वाटली, हे दुसऱ्या इंटरनॅशनलच्या पुढील इतिहासाशी ताडून पाहण्यासारखे आहे.

कारण १९०७ च्या स्टुटगार्ट परिषदेत नेमका हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. मादाम कामा यांच्या ध्वजाची आठवण भारतीय वाचकास असते. त्याच परिषदेत वसाहतींच्या प्रश्नावर झालेल्या वादाची सहसा नसते. समाजवादी राजवटीतही वसाहतींचे धोरण सुधारक स्वरूपात चालू राहू शकेल, असा आशय डच प्रतिनिधी फान कोल याच्या पुढाकाराने आयोगाच्या मसुद्यात आला होता आणि जर्मन पक्षातील बर्नश्टाइन प्रभृतींचा त्यास पाठिंबा होता. परिषदेने तो फेटाळला, पण केवळ वीसएक मतांच्या फरकाने. हाच फान कोल तीन वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅमला दादाभाईंच्या स्वागतप्रसंगी अध्यक्षस्थानी होता. ध्वजाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून परिषदेचे इतिवृत्त वाचणाऱ्यास हा तपशील गैरसोयीचा वाटेल. परंतु आंतरराष्ट्रीय चळवळीचा इतिहास आदरांजलीच्या स्वरात लिहिला की असे तपशील प्रथम गळतात.

१९०८ च्या संपाविषयीही काहीसे असेच घडले आहे. टिळकांना २२ जुलै रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षेच्या प्रत्येक वर्षास एक दिवस या हिशेबाने मुंबईच्या कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. जिनिव्हात असलेल्या लेनिनने आपल्या लेखात भारतीय कामगारवर्ग जाणीवपूर्वक राजकीय सामुदायिक लढ्यास सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढला. लेखाची तारीख नव्या पंचांगाप्रमाणे ५ ऑगस्ट १९०८ आहे. संप संपून जेमतेम आठवडा उलटला होता. अर्थात लेनिनपुढे होती ती तारेने आलेली वृत्तपत्रीय माहिती. तिच्या आधारे त्याने केलेले विधान म्हणजे एका दूरदर्शी राजकारण्याची आशा आहे. ते इतिहासाचे प्रमाणपत्र म्हणून वापरले गेले यात लेनिनचा दोष नाही. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आल्यापासून कामाचे तास वाढले होते व त्यावरून १९०५ साली असंतोष उसळला होता. कामगारांच्या तासांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवालही १९०८ चाच आहे. टिळकांवरील निष्ठा आणि गिरणीतील गाऱ्हाणी यांचे प्रमाण संपात किती होते, हा संशोधनाचा प्रश्न आहे. लेनिनच्या वाक्याने तो सुटत नाही.

याच वर्षी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांच्या अपिलाच्या कामासाठी विलायतेस गेले. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते. लोखंडे त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत प्लेगने मृत्यू पावले होते. वऱ्हाडच्या राष्ट्रीय राजकारणाचा इतिहास खापर्ड्यांभोवती लिहिला गेला आहे व ते योग्यच आहे. परंतु त्या राजकारणाची कारखाना-कायद्यांविषयीची भूमिका काय होती, हे विचारले जात नाही. बिपन चंद्र यांनी १९६६ साली दाखवून दिले की १८८१ व १८९१ च्या कायद्यांना बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांचा विरोध होता. कायदे लँकेशायरच्या स्वार्थातून आले, हे त्यांचे म्हणणे खरे होते. पण त्या खऱ्या म्हणण्याच्या आड कामगाराचे म्हणणे ऐकू येईनासे झाले, हेही तितकेच खरे. लँकेशायरचा मालक मुंबईच्या कामगाराचा कैवारी आणि मुंबईचा देशभक्त मालकांचा वकील, ही विचित्र अदलाबदल ज्या काळात घडली त्या काळाला आंतरराष्ट्रीय एकजुटीचा आरंभकाल म्हणावयाचे असेल तर त्या एकजुटीचा अर्थ पुन्हा तपासणे भाग आहे.

महायुद्धानंतर हा प्रश्न अखेर औपचारिक व्यासपीठावर आला. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रमिक परिषदेस भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले. जगासाठी ४८ तासांचा आठवडा ठरला, भारतासाठी ६० तासांचा, आणि तोही कारखाना-कायद्याच्या कक्षेत येणाऱ्यांपुरता. दहा वर्षांनी, १९२९ च्या अखेरीस, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नागपूरला अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि तेथे संघटना दुभंगली. व्हिटले आयोगावर बहिष्कार घालावयाचा की नाही, साम्राज्यविरोधी संघाशी व पॅसिफिक कामगार सचिवालयाशी संबंध जोडावयाचे की जिनिव्हाशीच राहावयाचे, हे वादाचे मुद्दे होते. जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या राजधानीत, कापसाच्या पट्ट्याच्या तोंडाशी, मॉस्को आणि जिनिव्हा यांच्यामधील निवड झाली. आणि ज्या आयोगावर बहिष्कार घातला गेला त्याच आयोगाने १९३१ च्या अहवालात हंगामी कारखान्यांचा स्वतंत्रपणे विचार केला. बहिष्काराचे राजकीय समर्थन करता येते. त्याची किंमत कोणाच्या पदरात पडली हेही त्याबरोबरच सांगावे लागेल.

वर मांडलेल्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो : कापसाच्या गाठीने जोडले जाणे म्हणजे चळवळीत असणे नव्हे. हा आक्षेप बलवान आहे आणि अलीकडच्या जागतिक इतिहासाच्या संप्रदायास तो विशेष लागू पडतो. स्वेन बेकर्ट यांच्या २०१४ सालच्या कापसाच्या साम्राज्यावरील ग्रंथात वऱ्हाडला ठळक स्थान मिळाले. ही उपलब्धी मोठी आहे. परंतु तेथील वऱ्हाडचे दर्शन पुष्कळ अंशी रिव्हेट-कार्नॅकच्या चष्म्यातून घडते. शेतकरी व मजूर त्यात दिसतात, बोलत नाहीत. लक्ष्मण सत्य यांनी १९९७ साली वऱ्हाडच्या कापसाचा व दुष्काळाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला तो स्थानिक पुराव्याच्या दृष्टीने अधिक सघन आहे. कापसाच्या विस्ताराने अन्नाची सुरक्षितता ढासळली व १८९९-१९०० च्या दुष्काळाची तीव्रता त्यातून वाढली, हे त्यांचे प्रतिपादन. पश्चिम भारताच्या संदर्भात मिशेल मॅकॲल्पिन यांनी १९८३ साली याच्या उलट भूमिका घेतली होती, आणि सत्य यांचे पारडे वऱ्हाडपुरते जड असले तरी गावपातळीवरील ज्वारी व कपाशी यांच्या पेऱ्याची तुलना अधिक बारकाईने व्हावयास हवी. या दोन्ही ग्रंथांत कामगार चळवळ हा विषय नाही. परिषदांच्या इतिहासात वऱ्हाड नाही आणि वऱ्हाडच्या इतिहासात परिषदा नाहीत, अशी ही स्थिती आहे.

मार्सेल फान डर लिंडन यांनी २००८ साली सुचविलेला मार्ग येथे उपयोगी पडतो. मजुरीच्या मोबदल्यात श्रम विकणारा, घरदार नसलेला, बारमाही कारखान्यात काम करणारा पुरुष हाच खरा कामगार, ही व्याख्या युरोपच्या एका कोपऱ्यातील अनुभवातून आली असून जगातील बहुसंख्य श्रमिक तीत बसत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. व्याख्या बदलली की पुरावाही निराळ्या कपाटांत शोधावा लागतो. संप आणि संघटना यांच्या नोंदी जिनातील बाईविषयी फारसे सांगणार नाहीत. हंगामात सोडून जाणे, वेचणीच्या वाट्यासाठी अडून बसणे, दुसऱ्या गावच्या जिनात जास्त रोज मिळतो म्हणून सबंध टोळीने निघून जाणे, असल्या गोष्टी कोठे नोंदल्या गेल्या असतील तर त्या निराळ्या ठिकाणी. ल्यालचे १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर, ब्राउन व नेल्सन यांचे अकोल्याचे (१९१०) आणि फिट्झजेराल्ड व नेल्सन यांचे अमरावतीचे (१९११) गॅझेटियर हे त्यांपैकी हाताशी असलेले ग्रंथ आहेत. त्यांतील मजुरीच्या दरांची प्रकरणे राजकीय इतिहासाच्या विद्यार्थ्याने बहुधा उलटलेली नसतात. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कारखाने-निरीक्षकांचे वार्षिक अहवाल, ज्यांत जिनांची संख्या, स्त्री-कामगारांची गणती, अपघात आणि मालकांवरील खटले येतात, हे दुसरे साधन. लँकेशायरच्या निरीक्षकांचे अहवाल मार्क्सने ज्या चिकाटीने वाचले त्या चिकाटीने हे अहवाल वाचले गेलेले नाहीत. १९११ च्या कायद्यातील रात्रपाळीच्या सवलतीचा वऱ्हाडात प्रत्यक्ष उपयोग किती जिनांनी व किती वर्षे केला, एवढा एकच प्रश्न घेऊन अकोला व अमरावती या दोन जिल्ह्यांचे अहवाल वर्षानुक्रमे तपासले, तर एका प्रबंधास पुरेल इतके काम त्यात आहे.